फुलवंताचं चायबागान

माझा धंदा कोशाचा. दरेकशाच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे पोसतात. त्यांचे कोसे गोळा करून मी विणकरांना पुरवायचो. शाळा तिसरीपर्यंतच पाहिली. बाकीचं शिक्षण गोंदियाच्या मालधक्क्यावर झालं, बोऱ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता वाचता. पण तेवढ्या विद्येवर हा केवलराम चीन पाहून आला. हसू नका. बसा, वात थोडी वर करा, सांगतो.

सन पस्तीसची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्याकडे बायका कोशाचा धागा मांडीवर घासून काढतात. कातडी सोलून निघते बिचाऱ्यांची. या कामाची लाकडी यंत्रं चीनमध्ये सूचौ नावाच्या गावी आहेत, असं कलकत्त्याचा एक दलाल सांगून गेला. म्हणाला, "बहुत पुराना शहर है सेठजी. गली की जगह नहर. और बाग-बगीचे, और चाय!"

हे शेवटचं मी दरेकशाला फुलवंताच्या अंगणात सहज बोलून गेलो. माझी चूक झाली असेल तर ती एवढीच.

फुलवंतासारखे कोसे कुणाचे निघत नसत. दर खेपेला ती मला बसवून गरम पेज पाजल्याशिवाय सोडत नसे. तिचा नवरा मंगरू लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मजूरभरतीच्या माणसासोबत आसामातल्या चहाच्या मळ्यांवर गेला. आमच्या झाडीपट्टीत आसाम कोणी म्हणत नाही, चायबागान म्हणतात. मंगरू चायबागानला गेला, आणि तीस वर्षं त्याची खबर नाही. फुलवंताच्या हातातल्या बांगड्या मात्र तशाच होत्या.

मंगरूचा थोरला भाऊ जागेश्वर गावचा पंच. माणूस वाईट नव्हता. भावाचं क्रियाकर्म झालं नाही, त्याचा जीव कुठं भटकत असेल, हा त्याला घोर. शेवटी पंचांनी ठरवलं : होळीपर्यंत खबर आली तर ठीक, नाहीतर फुलवंताच्या बांगड्या फोडायच्या आणि मंगरूचं क्रियाकर्म उरकायचं.

तर मी चहाबागांचं बोललो आणि तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"सेठ, तू चायबागानले जाऊन रायला?"

"अवं, ते बागान वेगळं. मी चीन देशात जाऊन रायलो. समुद्रापार."

"चाय हाये का तेथी?"

"हाये."

"बागा हायेत?"

"हायेत बाप्पा, पन..."

"मंग झालं तं! काऊन फिरवून रायला मले?"

कुंपणाजवळून जागेश्वर खाकरला. "सेठ, तिच्या नादी लागू नोको. तू किडे पाहाले चालला, भाऊ पाहाले नाई."

भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, सरळ बोलायची रीत नाही. फुलवंतानं पदर पुढं ओढला आणि मलाच म्हणाली, "सांग त्याहिले, होळी अजून लांब हाये."

निघताना तिनं एक गाठोडं हातात दिलं. मोहाच्या फुलांचे लाडू, पळसाच्या पानांत बांधलेले. "त्याले दे. अना इचार, बांगड्या ठेवू का काढू? तो म्हनन तसं करीन."

मी काय सांगणार? वीस वर्षांची पेज पोटात होती. "इचारतो," म्हणालो. खोटा शब्द दिला, आणि कलकत्त्याची गाडी धरली.

जहाजाचं फार सांगत नाही. पहिले आठ दिवस मी पोटातलं समुद्राला देण्यापलीकडे काही केलं नाही. शांघायला उतरलो तेव्हा पौषातली थंडी होती. तिथं लिऊ नावाचा दुभाष्या मिळाला. कलकत्त्यात दहा वर्षं जोडे शिवलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा आणि शिव्या बंगालीत द्यायचा. रेल्वेनं दोन तासांत आम्ही सूचौला पोचलो.

काय गाव हो! पांढऱ्या भिंती, काळी कौलं, दारात पायऱ्या आणि पायऱ्यांखाली थेट पाणी. बायका खिडकीतून दोरीला टोपली बांधून नावेतली भाजी वर ओढायच्या. तीन दिवस यंत्रं पाहिली. चौथ्या दिवशी लिऊ म्हणाला, "सेठजी, एक बगीचा देखे बिना जाओगे तो लोग हँसेंगे."

म्हणून गेलो. का कोण जाणे, गाठोडं सोबत घेतलं. परत नेणं जिवावर आलं होतं. वाटलं, इथंच एखाद्या झाडाखाली ठेवावं म्हणजे दिलेला शब्द अर्धा तरी पाळला जाईल.

दुपारचे तीन वाजले असतील. धुकं इतकं की भिंत आधी हाताला लागायची, मग दिसायची. मधोमध तळं, तळ्यावर लाकडी पूल, तोही सरळ नाही. चार पावलं डावीकडे, चार उजवीकडे.

"हा असा वाकडा का?" मी विचारलं.

"भूत सीधा चलता है, सेठजी. मोड़ पर मुड़ नहीं सकता." लिऊ हसला. मला पुलापलीकडच्या मंडपात बसवून तो परतीसाठी होडी ठरवायला गेला.

मी एकटाच. कौलांवरून पाणी ठिबकत होतं. ओल्या शेवाळाचा वास, कुठून तरी चहाचा वास... आणि मग मोहाचा. गाठोडं मांडीवर घट्ट बांधलेलं होतं, वास त्यातून येत नव्हता. पाण्याकडून येत होता. चैतातल्या पहाटे दरेकशाच्या डोंगरात सडा पडतो ना, तसा ताजा, दाट वास. आणि तिथं तर पौष चालू होता.

"सेठ, चाय घे."

समोर एक पोरगेला माणूस किटली घेऊन उभा. अंगात कापसाचा निळा चिनी कोट. वय पंचविशीच्या आत. पण रंग आपला, नाक-डोळे आपले, आणि बोली...

"डोरे काऊन फाडून रायला? घे, गरम हाये."

डोळ्यांना डोरे म्हणणारी माणसं चीनमध्ये नसतात. मी पेला घेतला. भीती वाटली म्हणू? परक्या मुलखात आपली बोली ऐकली की माणूस आधी गावच विचारतो.

"कोठचा तू?"

"दरेकशाचा." तो गाठोड्याकडे पाहत होता. "तिनं देल्लं?"

मी गाठोडं पुढं केलं. त्यानं ते दोन्ही हातांनी घेतलं, छातीशी धरलं, लहान लेकरू धरावं तसं.

"पन हे ते बागान नाई," मी कसाबसा म्हणालो. "आसाम तर..."

"चायबागान एकच हाये, सेठ. अंदर गेलं का सारे एकच. बाहेर निंगाचा रस्ता तेवढा सापडत नाई."

पाणी ठिबकत होतं. मग मी विचारलं. शब्द दिला होता, विचारावं तर लागणारच.

"ती इचारते... बांगड्या ठेवू का काढू?"

त्यानं पुष्कळ वेळ विचार केला. मग हसला. फार गोड हसणं होतं ते, अजून आठवतं.

"ठेव म्हना. तू आला ना... आता रस्ता दिसला. मी येऊन रायलो."

किटली ठेवून तो निघाला. पूल चार पावलांवर डावीकडे वळत होता. तो वळला नाही. सरळ गेला, तळ्यावरून, धुक्यात. पाण्याचा आवाज झाला नाही.

लिऊ आला तेव्हा मी पेला धरून बसलो होतो. तो मंडपाच्या पायरीवरच थांबला. "चाय किसने दी?" म्हणाला, आणि उत्तराची वाट न पाहता मला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. पुलाचं प्रत्येक वळण त्यानं मला मोजून घ्यायला लावलं.

परतीच्या वाटेवर मी मागं वळून पाहिलं नाही. हावड्याहून गाडी गच्च भरलेली, लोक दारात लटकलेले. पण माझ्या समोरची एक जागा दरेकशापर्यंत रिकामी राहिली. कोणी बसायला आला की थबकायचा आणि पुढं जायचा.

मी दरेकशाला न उतरता आधी गोंदियाला घरी गेलो. खरं सांगतो, धीर झाला नाही. चार दिवसांनी, होळीच्या सकाळी, पुन्हा दरेकसा गाठलं. वाटेत ठरवून ठेवलं होतं काय सांगायचं : जिवंत आहे, म्हातारा झालाय, येईल. एवढ्यानं बांगड्या वाचल्या असत्या.

फुलवंता ओट्यावर बसली होती. मी बोलू लागलो तशी तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हरू बोल, सेठ. निजला हाये."

"...कोण?"

"कोन म्हंते! तूच तं निरोप देल्ला त्याले."

माझ्या तोंडून ठरवलेलं खोटंच निघालं. "केस पिकलेत ना आता त्याचे..."

"पिकले?" ती पदरात हसली. "कायले पिकतीन? जसे गेल्ते तसे कारे हायेत. मीच म्हतारी झालो."

तेवढ्यात पंच आले. पुढं जागेश्वर, साठीचा, पांढराशुभ्र. त्यानं अंगणातूनच मला विचारलं, "सेठ, खबर हाये का?"

मी काही बोलायच्या आत फुलवंता उठली, पदर ओढला. "सेठ, सांग त्याहिले, अंदर जाऊन पाहा म्हनावं."

जागेश्वर वाकून आत गेला. दार ठेंगणं, आत अंधार. बाहेर आम्ही सगळे श्वास धरून. आतून बोलल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, एकदाच. मग जागेश्वर बाहेर आला. भिंतीला हात लावून उभा राहिला. पाणी मागितलं, पण प्याला नाही.

"बांगड्या राहू द्या," तो पंचांना म्हणाला. "चला."

फुलवंता पुढं सात वर्षं जगली. बांगड्यांसकटच गेली. तिच्या घरात मग कोणी गेलं नाही, आणि आत काय पाहिलं ते जागेश्वरनं कुणालाच सांगितलं नाही. मला मात्र एकदा, स्वतःच्या मरणाच्या महिनाभर आधी, खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला,

"सेठ, त्यानं मले ओरखलं नाई गा. उठून बसला, पाया पडला, अना इचारलं, बाबा... माझा भाऊ जागेश्वर कोठी हाये?"