मामांच्या छातीतली डबी

खोटं वाटत असेल तर वाचू नका. मला कुणाची वाहवा नकोय.

गेल्या माघातली अमावस्या. गाव खर्डा. आणि हो, भरदुपार! भुतं रात्रीच येतात असं समजणाऱ्यांची मला कीव येते.

माझे मामा, आबासाहेब. उजवा हात कोपरापासून नाही, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेला. नगरला त्यांना पेसमेकर बसवला. डाव्या छातीत, कातडीखाली छोटी डबी. डावा हात वर करायचा नाही, म्हणून तोही गळ्यातल्या झोळीत.

घरी आल्यावर उचकी लागली.

साधी नाही. ठेक्यात. झोपेतसुद्धा पोट उडायचं...

मामी, भीमाबाई, मला म्हणाल्या, "धने, आत कुनीतरी हाय."

त्यांचा भाऊ गोरक्षनाथ लगेच देवऋषी घेऊन आला. लिंबू उतरवलं.

"लिंबानं बॅटरी चार्ज होते का हो?" मी विचारलं. "माणूस मरायला टेकलाय अन् तुम्ही सरबत करा!"

सगळ्यांना अंगणात हाकललं. गाडी बोलावली. ती येईपर्यंत मामांजवळ बसले, त्यांचा झोळीतला हात माझ्या दोन्ही हातांत धरून. त्यांना डुलकी लागली.

वीज गेली. पंखा थांबला.

मग... उचकीही थांबली.

अंगणातली बडबडसुद्धा ऐकू येईना.

सदऱ्याची गुंडी उघडी होती. कातडीखाली डबीची कड वर आली...

आणि डबी फिरली.

हळूच. नळ पिळावा तशी. परत एकदा...

मी किंचाळले. मामा दचकून जागे झाले. उचकी पुन्हा सुरू.

नगरला डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. डबीतून हृदयात गेलेल्या वायरला दोरीसारखा पीळ पडला होता. ती हृदयातून निसटून भलत्याच नसेला झटके देत होती. म्हणून उचकी.

"फार क्वचित होतं," ते मान वर न करता म्हणाले. "पेशंट नकळत हातानं डबी फिरवत राहतात."

"डॉक्टर, कोणत्या हातानं?"

तेव्हा कुठे साहेबांनी मामांकडे नीट पाहिलं. मग पुटपुटले, "जागा सैल असली की... आपोआपही फिरते."

शिकलेल्यांचंही लिंबूच म्हणायचं हे!

पुन्हा ऑपरेशन झालं. डबी स्नायूला पक्की शिवली. मामा बरे झाले. गोरक्षनाथ गावभर सांगत फिरतो, लिंबानंच गुण आला. मूर्ख!

परवा मामांना भेटायला गेले. चहा पिता पिता ते म्हणाले, "त्या दुपारी छातीवर तुजा हात हुता न्हवं?... लई गार लागला बग."



माझे दोन्ही हात कुठे होते, ते मला पक्कं आठवतंय.

गोरक्षनाथाला मात्र हे सांगणार नाही. कधीच.