येडशीची दोन तिकिटं

श्रावणातली दुपार होती. लातूरच्या गोलाई बाजारावर पाऊस पडत नव्हता, नुसता हवेत तरंगत होता... सौदामिनी शेजारच्या गौरम्माबरोबर नागपंचमीच्या बांगड्या भरून परत निघाली होती. नवा हिरवा चुडा चालताना उगाचच किणकिणत होता. कचेरीपुढच्या लिंबाखाली माणसांचा घोळका दिसला, म्हणून ती सहज थांबली.

घोळक्याच्या मध्ये, ताडपत्रीच्या आडोशाला, एक तरुण बसला होता. मांडीवर लाकडी पाटी, पाटीवर कागद, आणि उजवीकडून डावीकडे झरझर धावणारी उर्दू अक्षरं. काळी टोपी जराशी मागं सरकलेली. पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब. ‘किती देखणा आहे हा माणूस!’ असं तिच्या मनात आलं, आणि पुढच्याच क्षणी ती कानापर्यंत लाल झाली.

तो तिचा नवराच होता!

लग्नाला दोन वर्षं झाली होती. पण रेणुकादास तांबडं फुटायच्या आधी घर सोडायचा. सकाळी पेठेतल्या शेठच्या मुलांना उर्दू शिकवायची, दिवसभर कचेरीपुढं बसून लोकांचे अर्ज सरकारी उर्दूत लिहायचे, संध्याकाळी पुन्हा शिकवण्या. तो परत यायचा तेव्हा घर झोपेला आलेलं असायचं. मधल्या वेळात सासूबाई, दोन दीर, एक नणंद आणि चूल. उजेडात, समोरून, असं डोळे भरून त्याला तिनं कधी बघितलंच नव्हतं.

“नुसती बघून काय राहिलीस गं अव्वा?” गौरम्मानं कोपरानं ढोसलं. “जा की पुढं!”

कुठून बळ आलं कोण जाणे. सौदामिनीनं पदर तोंडाशी धरला आणि रांगेत जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली. त्यानं मान वर केलीच नाही.

“बोला बाई. काय अर्ज आहे?”

“तक्रार आहे,” ती पदरातून पुटपुटली.

“कोणावर?”

“नवऱ्यावर.”

“नाव सांगा नवऱ्याचं.”

तिनं पदर आणखी घट्ट धरला.

“बाई, नाव घ्यावंच लागतंय. सरकारदरबारात लाजून भागत नाही.”

“कसं घेऊ...? तेच तर लिहून राहिलेत!”

लेखणी थांबली. त्यानं मान वर केली.

“तू...? इथं?”

“तक्रार तर पुरी ऐकून घ्या.”

“काय तक्रार हाय?” त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“नवरा घरात असून दिसत न्हाई.”

भोवतालची माणसं खो खो हसली. एक म्हातारा म्हणाला, “साहेब, आमचं राहू द्या मागं. या बाईचं काम लई जरुरीचं दिसतंय!”

रेणुकादासानं चेहरा लपवायला घाईनं लेखणी दौतीत बुडवली. आणि तेव्हा तिला दिसलं. त्याचा उजवा हात थरथरत होता. डाव्या हातानं त्यानं उजवं मनगट घट्ट धरलं, तरी अंगठा सरळ होईना. सौदामिनीचं हसू जागच्या जागी विझलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या हट्टानं हकीमसाहेब घरी आले. बोटं दाबून बघत म्हणाले, “मियाँ, या हाताला आराम द्या. नाहीतर एक दिवस हा लेखणी धरायचंच विसरेल.” चोळायला तेलाची बाटली दिली. रेणुकादासानं “जी, जी” म्हणत मान डोलावली, टोपी घातली आणि तो तडक कचेरीकडं निघून गेला.

दारात उभ्या राहिलेल्या सौदामिनीनं मनाशी ठरवलं... यांना उचलून कुठंतरी न्यायचं. काही दिवस तरी. लेखणी, दौत आणि ‘साहेब, दोनच ओळी’ म्हणणारी माणसं यांच्यापासून लांब!

पण कुठं?

तुळजापूर? तुळजापूर म्हटलं की सासूबाई, नणंद, दीर आणि वाटेत भेटतील ते सगळे पाहुणे बरोबर. म्हणजे घरच बैलगाडीत घालून न्यायचं. हैदराबाद? ते परवडण्यातलं नव्हतं, आणि तिथल्या चुलत सासऱ्यांनी पुतण्याला रोज एका कचेरीत फिरवून आणलं असतं. तिचं माहेर नांदेड? गोदावरीचा घाट तिच्या डोळ्यांपुढं आला आणि जीव जरा हुरहुरला... पण तिचे भाऊ बापूसाहेब पडले वकील! जावई आलेला बघून त्यांनी पहिल्यांदा कागदच पुढं केले असते. कंधारला आत्या होती, किल्ला होता. पण आत्याच्या शेताचा वाद तिथंच चालू होता, आणि आत्या काही सोडणारी नव्हती.

“यांना जो ओळखतो, तो यांना लिहायला बसवतो,” ती गौरम्माला वैतागून म्हणाली.

गौरम्मा ज्वारी पाखडत होती. “मग येडशीला जा. रामलिंगाला. छोटी गाडी जाते, तिकीटही आपल्यासारख्याला झेपतंय. डोंगरात देऊळ हाय, झरा हाय, राहायला ओवऱ्या हायत. सोमवार टाळून जायचं... मग माणसं कमी. माकडं लई.”

“माकडं?”

“माकडांना अर्ज लागत न्हाई!”

सासूबाईंना, लक्ष्मीबाईंना, तिनं सांगितलं की रामलिंगाला नवस बोललेय, जोडीनंच जायला हवं. लक्ष्मीबाईंनी सुनेकडं चष्म्यावरून बघितलं. “कशाचा गं नवस?”

“सांगितला तर फळत न्हाई, आई.”

लक्ष्मीबाईंनी काय अर्थ घेतला तो घेतला. त्यांनी आपणहून दशम्या बांधून दिल्या. आईनंच सांगितल्यावर रेणुकादासाचं काही चाललं नाही.

छोटी गाडी खरंच छोटी होती. चढ आला की दमायची. धावत येऊन चढावं आणि मनात आलं तर उतरून चार फुलं तोडून परत बसावं, अशी तिची चाल. खिडकीबाहेर हिरवीगार रानं डुलत होती. सौदामिनी आणि रेणुकादास समोरासमोर बसले होते, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता फक्त बाहेर बघत होते... एकाच वेळी वळून बघितलं की दोघंही पुन्हा बाहेर!

मुरूडच्या स्टेशनवर गाडी थांबली आणि फलाटावरून आरोळी आली, “अरे! अर्जनवीस साहेब! साहेब, दोनच ओळी—”

सौदामिनीनं खाडकन खिडकी लावून घेतली.

“अगं, तो शरणप्पा होता. ओळखीचा हाय.”

“असू दे. रामलिंगाला जाईपर्यंत तुम्ही कोणाच्या ओळखीचे न्हाई.”

“तुझ्याही?”

ती गोंधळली. “माझ्या तर...” म्हणाली, आणि पुढचे शब्द गाडीच्या शिट्टीत विरून गेले. की तिनंच विरू दिले?

येडशीपासून बैलगाडीनं डोंगर उतरून ते खाली पोचले तेव्हा ऊन-पाऊस एकदमच चालला होता. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये ओढा, ओढ्याकाठी देऊळ. पाणी दगडांवरून हसत हसत उतरत होतं. रेणुकादासानं ओवरीत गाठोडं सोडलं, आणि त्यातून हळूच निघालं पितळी कलमदान!

“हे काय?” सौदामिनीचे डोळे मोठे झाले.

“नुसतं जवळ असू द्यावं म्हणून... सवय गं...”

त्याचं बोलणं संपायच्या आत छपरावरून एक माकड खाली आलं, कलमदान उचललं आणि समोरच्या झाडावर जाऊन बसलं. रेणुकादास टोपी सावरत मागं धावला. “ए! अरे, ठेव! ठेव म्हणतो ना!” माकडानं लेखणी काढली, चावून बघितली, तोंड वाकडं केलं आणि सगळं ओढ्यात सोडून दिलं.

तो वाहत्या पाण्याकडं बघत उभा राहिला. सौदामिनीला वाटलं, आता हे रागावणार. पण त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता! आधी आवाज न करता, मग मोठ्यानं, मग पोट धरून. दोन वर्षांत तिनं त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. ते असं लहान मुलासारखं असेल, हे तिला कसं कळणार?

शेजारच्या ओवरीत भजनी मंडळी उतरली होती. त्यांच्यातले शेषेराव नावाचे आजोबा आवाज ऐकून आले. “राम राम. कोणतं गाव? पावणे काय काम करतेत?”

रेणुकादासानं तोंड उघडलं, पण सौदामिनी त्याच्याआधी म्हणाली, “गवई हायत!”

“वा वा! मग आज सांजच्याला गाणं ऐकवा की!”

आजोबा गेले तसा तो तिच्याकडं वळला. “गवई?”

“दुसरं सुचलंच न्हाई...”

“मला साधी आरती सुरात म्हणता येत न्हाई!”

दिवेलागणीला बोलावणं आलंच. पखवाज लागला, टाळ वाजले, आणि सगळ्यांनी आदरानं गवयाकडं बघितलं. रेणुकादासानं डोळे मिटले आणि लहानपणी आईच्या मांडीवर ऐकलेली जात्यावरची ओवी म्हणायला घेतली. सूर गावाच्या या वेशीतून आत शिरला आणि त्या वेशीतून बाहेर पडला. पखवाजवाला दोनदा चुकला. सौदामिनीनं पदर तोंडात कोंबला, हसू दाबता दाबता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

ओवी संपली. शेषेराव घसा खाकरून म्हणाले, “पावसानं आवाज धरला जणू पावण्यांचा.”

“त्याचं काय आहे, आजोबा,” रेणुकादास गंभीरपणे म्हणाला, “मी अजून शिकून राहिलोय. गाणं शिकवतात त्या ह्या!” आणि त्यानं सौदामिनीकडं बोट दाखवलं.

मग तिलाही गावं लागलं. गोदावरीच्या काठावर मैत्रिणींबरोबर म्हणायची ती फुगडीची गाणी... ती गात गेली आणि भजनी मंडळी टाळ्यांचा ठेका धरत गेली. गाताना तिनं एकदा चोरून बघितलं. तो तिच्याकडंच बघत होता. या वेळी त्यानं नजर वळवली नाही.

सकाळी ओढ्याकाठी खडकावर बसून ती त्याच्या हाताला हकीमसाहेबांचं तेल चोळत होती. धुकं पाण्यावरून सरकत होतं. तिची बोटं त्याच्या अंगठ्यावरून फिरत होती, आणि दोघांपैकी कोणालाच घाई नव्हती.

“तुला नांदेडची लई आठवण येत असेल ना?” त्यानं एकदम विचारलं. “काल गाताना दिसलं.”

“येते कधी कधी.”

“मला माहीत होतं.” तो पाण्याकडं बघत राहिला. “नवीन नवीन मी घरी आलो की तू उठून आत जायचीस. मी अंगणात, तर तू माजघरात. मी माजघरात, तर तू परसात. मला वाटलं... तुला आपलं घर आवडलं न्हाई. मी आवडलो न्हाई. म्हटलं, मी नसलो तर हिला मोकळं वाटेल. म्हणून मग उशिरा यायला लागलो. पहिल्यांदा मुद्दाम... मग कामच वाढत गेलं.”

तिचा हात थांबला.

“म्हणून? म्हणून तुम्ही हा हात असा करून घेतलात?”

त्यानं हात मागं घ्यायला बघितला, तिनं तो सोडला नाही.

“अहो... मी लाजत होते!”

“काय?”

“लाजत होते! आत जाऊन दाराच्या फटीतून तुम्हाला बघत उभी राहायची. सासूबाईंनी दोनदा पकडलं मला. विचारा त्यांना!”

त्यानं सावकाश मान वळवली. त्याच्या चेहऱ्यावर इतकं भाबडं आश्चर्य होतं की तिला रडावं की हसावं कळेना.

“लाजत होतीस... दोन वर्षं?”

“तुम्ही घरी थांबला असता, तर दोन महिन्यांत संपली असती लाज.”

ओढा आपल्या नादात वाहत होता. वर झाडावर एका पाखरानं पंख झटकले आणि पानांतलं सगळं पाणी दोघांच्या अंगावर शिंपडलं. कोणी जागचं हललं नाही.

“संध्याकाळच्या शिकवण्या सोडतो,” तो हळूच म्हणाला.

“घरात ओढाताण होईल.”

“होऊ दे. दोन्ही भाऊ आता मोठे झालेत, त्यांनाही उचलू दे थोडं.” मग तिच्या तेलकट हातावर आपला हात ठेवून तो म्हणाला, “मी कागदावर लोकांचं दुःख लिहीत बसलो... आणि माझ्याच घरातल्या माणसाला एकदा तोंडानं विचारलं न्हाई.”

“मी तरी कुठं सांगितलं?” ती म्हणाली. तिचा आवाज पाण्यासारखाच ओलसर झाला होता. “आता सांगते. तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून.”

“जरा मोठ्यानं बोल. पाण्याचा आवाज लई हाय.”

“ऐकू आलंय तुम्हाला!”

“हाव,” तो हसला. “पण पुन्हा ऐकायचंय.”

परतीच्या दिवशी ते येडशीच्या स्टेशनवर आले तेव्हा आभाळ खाली वाकलं होतं. शेषेरावांची मंडळीही लातूरला निघाली होती. गाडी धापा टाकत आली. टाळ, पखवाज, गाठोडी आत चढली. सौदामिनीनं आपलं गाठोडं उचललं आणि मागं वळून बघितलं. रेणुकादास बाकावरच बसून होता.

“चला ना. गाडी सुटेल.”

“सुटू दे.”

“अहो!”

त्यानं खिडकीशी जाऊन शेषेरावांना घराचा पत्ता सांगितला. म्हणाला, “आजोबा, आमच्या आईला तेवढा निरोप द्या. आम्ही खुशाल आहोत, उद्याच्या गाडीनं येऊ म्हणावं.”

शेषेरावांनी एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघितलं. “उद्याच्या कशाला? परवाच्या म्हणतो!” ते म्हणाले. गाडी हलली.

फलाट रिकामा झाला. धूर लांब झाडीत मिसळून गेला. सौदामिनी गाठोडं छातीशी धरून उभीच होती.

“तिकडं माणसं तुमची वाट बघत असतील,” ती म्हणाली.

“बघतील एक दिवस. लई दिवस वाट बघायला लावली ती एकाच माणसाला.”

त्यानं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि पुन्हा रामलिंगाच्या वाटेला लागला. सवयीनं ती चार पावलं मागं राहिली, बायकांनी चालावं तसं. वळणावर तो थांबला. मागं वळून बघितलं नाही, हाक मारली नाही, नुसता थांबला. ती जवळ आली, त्याच्या खांद्याला तिचा खांदा टेकला, तेव्हाच त्यानं पुढचं पाऊल उचललं. वाट अरुंद होती आणि गवत दोन्ही बाजूंनी ओलं होतं... तरी दोघं शेजारी शेजारीच चालत राहिले.