थंड पाण्याची शपथ

इतिहासाच्या मास्तरणीला नवरा पिणारा मिळावा आणि शिकवायला नेमकी दारूबंदीची चळवळ यावी, यात गूढ काही नाही. आमच्या नारायण पेठेत याला योगायोगही म्हणत नाहीत. "बरं झालं, घरीच सराव होईल," असं शेजारच्या कुसुमवहिनी म्हणाल्या होत्या.

बहात्तर साली आमच्या महाविद्यालयात अमेरिकेचा इतिहास नव्याने लागला. गेल्या शतकातल्या सुधारणा माझ्याकडे आल्या: गुलामगिरीविरुद्धचा लढा, बायकांचे हक्क आणि दारूबंदी. तिकडे म्हणे लहान मुलांची 'थंड पाण्याची फौज' होती. पोरं झेंडे घेऊन मिरवायची आणि पाण्याखेरीज काही पिणार नाही अशी शपथ घ्यायची. मला ती पोरं फार आवडली. त्यांच्या शपथेचा मराठी तर्जुमा करून मी रविवारी सकाळी यांना वाचून दाखवला.

हे म्हणजे श्यामसुंदर, माझे यजमान. नुकतीच पूजा आटोपली होती आणि सोवळ्यातच पेला भरून बसले होते. सरकारी परमिट होतं, 'प्रकृतीसाठी'.

"अहो, एवढीएवढी पोरं शपथ पाळायची. तुम्हाला नाही जमायचं."

"नुसत्या शपथेनं काय होतं? आपल्याकडे पाणी सोडावं लागतं. आण ती पळी."

माझ्या बाबांनी मला असंच हातावरून पाणी सोडून यांना दिलं होतं. पाणी सोडून दिलेली वस्तू परत मागायची नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यांनी उजवा तळहात पुढे केला. मी पळीने पाणी घातलं.

"पाण्याखेरीज पिण्याचं सगळं सोडलं. झालं समाधान?"

पाणी ताम्हनात पडलं. हे हसले, पेला उचलून एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"पेला बदललास?"

मी जागची हललेसुद्धा नव्हते. पेल्यात स्वच्छ पाणी होतं. बाटलीला मात्र तोच उग्र वास येत होता.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. कसं झालं हे मी विचारलंच नाही. दुपारी गणपतीला गूळ ठेवला.

संध्याकाळी चहा केला. माझ्या कपातला चहा चहाच होता. यांनी कप ओठाला लावला आणि चहाचा रंग कडेकडेने विरत गेला. मी समोर बसून पाहिलं.

मग दूध. मग ताक. आमटीची वाटी तोंडाला लावली तर तळाशी डाळही उरली नाही. डॉक्टर हुसेन यांचं लालभडक टॉनिक चमच्यात लाल असायचं, जिभेवर पाणी व्हायचं. पोळीभाजी जेवत होते, पण अंगी काही लागत नव्हतं. हात गार पडू लागले. बोटं उन्हात धरली की पलीकडची खिडकी अंधुक दिसायची. मी ते यांना सांगितलं नाही.

मी गुरुजींकडे गेले. सोडलेलं परत घ्यायचा काही विधी असेल, दक्षिणा काय म्हणाल ती.

"वहिनी," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "द्यायचे विधी शंभर आहेत. परत घ्यायचा एकही नाही."

घरी येऊन मी बाटली उघडली. माझ्या हाताने पेला भरला आणि यांच्यापुढे धरला. "घ्या हो, माझ्यासाठी घ्या," म्हणून रडले. यांनी निमूटपणे पेला रिकामा केला.

"पाणीच गं," म्हणाले.

डॉक्टर हुसेन म्हणाले, रक्त तपासू. त्यांचा कंपाउंडर मुनव्वर दुसऱ्या दिवशी घरी आला. हसतमुख मुलगा. यांच्या दंडाला रबरी नळी बांधली, शीर शोधली.

"साहेब, तिकडे बघा. मुंगी चावेल एवढंच."

यांनी तोंड फिरवलं.

सुई आत गेली. मुनव्वरने दट्ट्या मागे ओढला. मग त्याचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

सिरिंज भरली होती. तिच्यातून मला पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं.

त्याने सुई काढली आणि कापूस दाबला. कापूस ओला होत गेला. पांढराच राहिला.

"आलं का रक्त?" यांनी तिकडेच बघत विचारलं.

"आलं हो," मी म्हटलं.