बोगदानच्या घरी अंधारणारा पडदा

या गोष्टीवर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, लावा पैज. नका ठेवू. सळईवरचं कोकरू भाजून होईपर्यंत तुम्हाला दुसरं कामही नाही. नवरी समोरच बसली आहे. माझं काही खोटं निघालं तर एवान्थियानं हटकावं, त्या क्षणी मी तोंड मिटीन.

तर त्या दिवशी आपल्या कूबर पेडीत, ऑस्ट्रेलियातल्या या ओपलखाणींच्या वाळवंटात, धुळीचं असं वादळ होतं, की रस्त्यावर कुत्रं भुंकलं तर भुंकणं धुळीत अडकायचं आणि दुसऱ्या दिवशी ऐकू यायचं. एवान्थिया आपल्या दुरुस्तीच्या दुकानाचं पत्र्याचं दार ओढून घेत होती. तेवढ्यात दारात एक पाय आडवा आला. पायामागून एक उंच माणूस, अंगात नुसतं बनियन. सदरा काढून त्यानं त्यात लॅपटॉप गुंडाळला होता, तान्ह्या बाळासारखा.

"बंद झालंय दुकान," ती म्हणाली.

"हाही बंद झालाय."

आवाजावरून तिनं ओळखलं. बोगदान! याची खाण तिच्या बाबांच्या खाणीला लागून. आणि गेल्या हिवाळ्यात बाबांच्या, म्हणजे या स्तेलिओसच्या खाणीतून कुणीतरी ओपलच्या खड्यांचा अख्खा थर खरवडून नेला होता. दुसऱ्याच्या खाणीत चोरून उतरणाऱ्याला आपल्या गावात उंदीर म्हणतात. स्तेलिओसनं त्या दिवसापासून उंदीर म्हटलं की बोगदानच्या खाणीकडे बोट दाखवायचं. पुरावा काही नव्हता. शेजार होता, तेवढा पुरे.

"काय होतंय याला?"

"म्हणतो, डिस्कच सापडत नाही."

"पाडलात?"

"नाही."

"कुणी उघडला होता?"

"नाही हो. तुम्ही सगळ्यांकडे अशाच बघता, की मी खास आहे?"

"डोळ्यात धूळ गेलीय," ती म्हणाली आणि मान खाली घालून स्क्रू काढायला लागली. पण कान त्याच्याकडेच... श्वास कसा घेतोय, पाय कुठे हलवतोय.

आत बटणाएवढा सेल असतो ना, तो मेला होता. तो मेला की लॅपटॉप सगळं विसरतो. आजची तारीख विसरतो, आणि आपल्या पोटातल्या दोन डिस्क जोडीनं चालतात, हेही विसरतो. दोघींवर तोच मजकूर लिहिलेला, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. तिनं नवा सेल बसवला, फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्राच्या मुळातल्या, सेटिंगमध्ये शिरली. पडद्यावर प्रश्न आला — नवी जोडी बनवायची का? बोगदाननं लगेच बोट पुढे केलं. तिनं फटकन त्याच्या हातावर चापट मारली.

"ते दाबलंत तर दोन्ही पुसल्या जातील! जोडी आहेच त्यांची. याला फक्त आठवण करून द्यायची."

चापट मारलेला हात तिथेच राहिला... मारणाराही. मग दोघांनी एकदमच काढून घेतले.

लॅपटॉप सुरू झाला. "काय ठेवलंय एवढं जपून?"

"खाणीचे नकाशे." तो जरा अडखळला. "उघडू नका... प्लीज."

झालं! एवढ्या एका शब्दावर तिची झोप गेली. घरी स्तेलिओस वेगळाच तापला. "हातात होता आणि नकाशा बघितला नाहीस?"

"बाबा, गिऱ्हाईकाचा आहे तो."

"उंदराचा आहे!"

स्तेलिओस तेव्हा थकला होता हो. खोदून खोदून नुसती पांढरी माती निघायची. येत्या शनिवारी खाणीवरचा हक्क सोडून देतो, असं त्यानं क्लबात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आणि एवान्थियाच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता: शनिवारी बाबा सोडणार, तर रविवारी तिथे आपला हक्क सांगायला खुंट्या कोण ठोकणार?

दोन दिवसांनी बोगदान पुन्हा दारात.

"घरी नेला की पडदा अंधारतो."

तिनं लॅपटॉप उघडला. पडदा लख्ख. "इथे तर ठणठणीत आहे."

"तुम्हाला बघून खुलत असेल."

"कोण?"

"...पडदा."

तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच तक्रार घेऊन आला. एवान्थिया मनाशी म्हणाली, हा माणूस दुकानाची टेहळणी करतोय. बाबा खाणीवर कधी असतात, कधी नसतात, ते बघतोय. नाहीतर इथे लख्ख आणि घरी काळोख, असं यंत्र कुणी पाहिलंय?

"मीच येते घरी बघायला," ती म्हणाली.

त्याचा चेहरा असा उजळला, की तिचा संशय दुप्पट झाला. पिशवीत तिनं हातभर लांबीचा पाना घातला आणि भर दुपारी त्याच्या, उन्हापासून वाचायला जमिनीखाली कोरलेल्या घरात उतरली. वर रस्त्यावर अंडं तळून निघेल असं ऊन, आणि खाली गार, गुलाबी भिंती, ताज्या कॉफीचा वास. त्यानं लॅपटॉप उघडला. आणि खरंच की हो! पडदा हळूहळू अंधारत गेला.

ती पडद्याजवळ वाकली. मग पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "इथे याला एक डोळा असतो. उजेड मोजतो. बाहेर उजेड कमी झाला की वीज वाचवायला पडदा मंद करतो. तुम्ही राहता जमिनीखाली. याला वाटतं, रात्र झाली." पुन्हा सेटिंगमध्ये शिरून तिनं तो डोळा बंद करून टाकला. पडदा झळाळला... आणि त्यावर नकाशा!

बोगदान झाकण मिटायला झेपावला. तिनं फटीत पाना घातला.

त्याच्या भुयाराची लाल रेघ स्तेलिओसच्या हद्दीपाशी येऊन कापल्यासारखी थांबली होती. ओपलचे निळे ठिपके मात्र थांबले नव्हते. हद्द ओलांडून ते सरळ स्तेलिओसच्या जमिनीखाली गेले होते, दाट होत होत.

"हे बाबांना का नाही सांगितलंत?"

"थराच्या रोखावरून हा अंदाज काढला आणि दोनदा गेलो होतो सांगायला. पहिल्यांदा फावडं फेकलं, दुसऱ्यांदा बूट. तुम्हालाही सांगणार होतो, पण तुम्ही अशा बघता... वाटलं, म्हणाल, हद्दीपलीकडचं याला कळलं कसं? उंदीरच हा."

"शनिवारी बाबा हक्क सोडतायत. गप्प बसला असतात तर रविवारी सगळं तुमचंच होतं."

"सगळं?" तो म्हणाला. "ओपल माझं झालं असतं. आणि तू आयुष्यभर माझ्याकडे अशीच बघितली असतीस."

तो 'तू' म्हणाला हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तिच्या लगेच आलं होतं. पण हटकलं नाही तिनं. म्हणाली, "चल. बाबांच्या हातात बूट असेल तर मी पुढे होते."

घाईत बिचारीचा पाना तिथेच राहिला. तो आणायला दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं, मग कॉफीला थांबावं लागलं... असो. स्तेलिओसनं खाण सोडली नाही. त्यानं आणि बोगदाननं मिळून हद्दीवरची भिंत फोडली आणि ओपल निघालं, केवढं? इमूच्या अंड्याएवढं! त्याचा उजेड असा पडला, की भुयारातली वटवाघळं सकाळ झाली समजून घरी झोपायला गेली. आणि हे सगळं कशामुळे? जमिनीखाली काळोख असतो आणि लॅपटॉपच्या डोळ्याला—

"काका, थांबा. हे खोटं आहे."

"इमूचं अंडं ना? बरं बाई, कोंबडीचं म्हण."

"अंडं असू दे. वटवाघळंही असू देत. पण याच्या घरात सात दिवे जळत होते, कसली रात्र आणि कसला काळोख? त्या डोळ्यावर चिकटपट्टी लावली होती यानं, काळ्या कडेवर काळी. घरी लावायची, दुकानात येताना काढायची. दुसऱ्या खेपेलाच माझ्या नखाला डिंक लागला होता."

बोगदानच्या हातातला ग्लास तोंडापाशीच थांबला. कानाच्या पाळ्या लाल.

"तुला... तेव्हाच माहीत होतं? मग घरी आलीस कशाला?"

"आणि पाना विसरले कशाला, तेही विचार की."