हेडविगचा आवाज

तेवीस नोव्हेंबर दोन हजार चोवीस, शनिवार. संध्याकाळी सातला क्वाइसर माझ्याकडे चर्चची चावी मागायला आला. रखवालदार आजारी, आणि तिथल्या भिंतीएवढ्या, नळ्यांच्या ऑर्गनची दुरुस्ती मी करतो, म्हणून दुसरी चावी माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी मृतांचा रविवार. वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचायची, त्याआधीचं गाणं त्याला वाजवून बघायचं होतं.

हा फोल्कमार क्वाइसर म्हणजे आपला ऑर्गनवादक आणि गायकवृंदाचा प्रमुख. लाइपझिगला शिकलेला, चार बक्षिसं मिळवलेला, आणि माज असा की देवसुद्धा याच्याकडे शिकवणीला येत असावा. आपलं गाव त्याला नुसता थांबा. मोठ्या शहरातली नोकरी मिळाली की हा चालला. आम्हा गाणाऱ्यांना तोंडावर 'बटाटे' म्हणायचा.

हेडविग लोबश्टेट एक्केचाळीस वर्षं अल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गायली. सप्टेंबरात सगळ्यांसमोर तो तिला म्हणाला, "बाई, गंजलेलं दार करकरतंय. उद्यापासून घरी बसा, विणकाम करा." तिने वही मिटली, कोट घेतला, गेली. आम्ही एकोणतीस जण. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. मीही त्यातलाच, लाज वाटते सांगायला.

तीन आठवड्यांत ती वारली. अंत्यविधीला वाजवायलाही हा आला नाही. "एका बटाट्यासाठी?" म्हणाला.

तर त्या शनिवारी चावी घेऊन तो गेला, आणि पाऊण तासात परत माझ्या दारात. अंगात कोट नाही. बाहेर उणे चार. ओठ पांढरे.

मी आत घेतलं, श्नॅप्सचा कडक घोट दिला. मग त्याने सांगितलं ते असं.

तो वाजवत होता. दुसऱ्या कडव्याला मागून कुणीतरी अल्टो गायला लागलं. त्याला वाटलं, कुणीतरी टवाळी करतंय. न वळताच ओरडला, "सूर पडतोय! वर घ्या!"

आवाज वर गेला. अगदी बरोबर.

त्याने हात उचलले. ऑर्गन थांबला. आवाज… नाही थांबला.

तो वळला. बाकं रिकामी.

"बास!" तालमीत ओरडतो तसा ओरडला.

शांतता.

मग कानाशी… अगदी कानाशी…

"कुठून घेऊ, साहेब?"

"आजोबा, तुमच्या गाणाऱ्यांपैकीच कुणी त्याला घाबरवायला तिथे गेलं असेल," असं म्हणणार ना तुम्ही पोरं? मलाही तेच वाटलं. खरं सांगू? त्याला थरथरताना बघून मला बरंच वाटलं. सोमवारी त्याने राजीनामा दिला. आता कुठेतरी मुलांना पियानो शिकवतो, तोही दार उघडं ठेवून.

पण त्या रात्री टॉर्च घेऊन मी चर्चमध्ये गेलो होतो. कुलूप लावलं नव्हतं, आत कुणी नव्हतं. ऑर्गनला हवा देणारी मोटर चालूच होती. ती मी बंद केली. उरलेली हवा निघून जावी म्हणून दहा मिनिटं थांबलो. मग ऑर्गनच्या पोटात शिरून एकेक नळी तपासली. सगळ्या बर्फासारख्या गार.

एक सोडून. मधल्या रांगेतली, लाकडी. तिच्या तोंडाशी तळहात धरला…

ओलसर हवा. आणि कोमट. थांबून थांबून येत होती… कुणी श्वास सोडावा तशी.