फौजीच्या नावचं दूध

"बाई, दोन्ही वेळचं दूध तुमच्या नवऱ्याच्या नावावर डेअरीला जातं. मग हा माणूस कायमचा अपंग कसा?"

विम्याच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी डेअरीचं पुस्तक ओट्यावर आपटलं आणि दीनानं शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, यशयाकडे पाहिलं!

अहो, धार तीच काढत होती! चार वर्षांपूर्वी फौजेची गाडी घाटात उलटली, यशयाच्या मानेला मार बसला आणि दोन्ही हात मनगटाखाली निर्जीव झाले. पण फौजी गडी... गावाला कळता कामा नये, असं त्यानं बायबलवर हात ठेवायला लावून तिच्याकडून वचन घेतलं. तेव्हापासून घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या दोन गाईंची धार काढायची, यशयाचे हात खिशात घालून द्यायचे आणि जोडीनं डेअरीवर जायचं. कॅन हिच्या हातात, ऐट त्याची! विम्याचा दावासुद्धा आता हात बरे व्हायची आशा सुटल्यावर, तोही गुपचूप केलेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी. एवढं करून घरात तिच्या वाट्याला नुसतं खेकसणं... तरी त्या माउलीनं कधी हूं की चूं केलं नाही.

"साहेब, धार मी काढते," ती कळवळून म्हणाली. "ह्यांना घाससुदिक मीच भरविते."

"आता असंच म्हणणार तुम्ही. गाव तर वेगळंच सांगतंय. दावा नामंजूर लिहितो मी."

दीना नवऱ्याकडे वळली. "माफ करा... वचन मोडलं मी."

हिनं माफी मागावी! यशयाला ते सोसवेना. "चला सायेब, डेअरीवर. दूध घालायची येळच हाय."

डेअरीवर निम्मा गाव रांगेत उभा होता. यशयानं कोपरानं रेटून हात खिशाबाहेर काढले आणि दूध मापणाऱ्याला म्हणाला, "अजिनाथ, कॅन दे माझ्या हातात."

अजिनाथनं कडी त्याच्या बोटांत अडकवून सोडली मात्र... धाडकन कॅन आदळला, दूध फरशीभर झालं!

"बघा समद्यांनी! असे हायती माझे हात. कष्ट हिचं, मिरवलो मी... अन् घरात हिच्यावरच खेकसलो!"

साहेबांनी कागद काढून 'दावा मंजूर करावा' असं लिहिलं. दीना सवयीनं त्याचे हात खिशात घालायला धावली.

"ऱ्हाऊ दे, दीना. आदी डोळे पूस माझे... हितंच पूस, समद्यांदेखत."

आणि पदरानं त्याचे डोळे पुसता पुसता ती स्वतःच ढसाढसा रडू लागली.