स्वप्नाचा साक्षीदार

एपिडॉरसच्या आरोग्यदेवाच्या देवळाबाहेर, चिनाराखाली माझी बैठक. कुणी ज्योतिषी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. अहो, आम्ही ओनेइरोक्रितीस! ओनेइरोस म्हणजे स्वप्न आणि क्रितीस म्हणजे निवाडा करणारा. उलटतपासणी घ्यायची, निकाल द्यायचा. आता स्वप्नाला साक्षीदार नसतो, ही आमच्या धंद्यातली अडचण.

त्या सकाळी निकासो आली. तिची लेक मेलित्ता तापाने फणफणलेली, मान उचलवत नव्हती. आजारी माणसं देवाचं स्वप्न पडावं म्हणून देवळाच्या निजघरात झोपतात. पोरीला आणणं शक्यच नव्हतं, म्हणून तिच्या वतीने आईच झोपली होती.

"काका, पोर पांढरं नेसून घराबाहेर चालली होती."

आजाऱ्याने पांढरं नेसून मुकाट्याने घर सोडलं, तर तो जातो. बोलला, तर वाचतो. माझा बापही असेच निकाल द्यायचा.

"जाताना काही बोलली?"

"आठवत नाही हो!" ती कपाळ बडवायला लागली. "तुम्हीच म्हणा ना, बोलली म्हणून!"

"मी म्हणून कसं चालेल, बाई?"

"बोलली की," मागून आवाज आला.

अर्गोस गावचा एक म्हातारा उभा होता. खंगलेला. तोही निजघरातच झोपला होता.

"मलाही दिसली ती. हनुवटीवर भाजल्याचा डाग ना? म्हणाली, 'आजोबा, आईला उठवू नका. मी येतेच परत.'"

निकासो पांढरीफटक पडली. डागाचं ती कुणाजवळ बोलली नव्हती. दोघांना एकच स्वप्न? पण साक्ष ती साक्ष.

"वाचणार पोर," मी म्हणालो. मग म्हाताऱ्याला विचारलं, "आणि तुम्ही काय बोललात?"

"मी? काही नाही. तिच्या मागून चालत राहिलो."

निकासोने मला ओढतच घरी नेलं. मेलित्ता अंथरुणात उठून बसली होती. अंग गार.

"आई, भूक लागलीय."

हुश्श! माझेच डोळे भरून आले. निकासो हसत-रडत जवाची पेज वाढायला लागली.

"आजोबांनाही दे ना."

"कोण आजोबा, गं?"

"ते काय, दारात. पांढरं नेसलेत. मघापासून विचारतेय, पण बोलतच नाहीत."

निकासोने आनंदाच्या भरात दुसरी वाटी भरली. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. तसाच बसून राहिलो.